लाईट जात नाही

मराठीची शिक्षिका निवृत्त होते, तिच्या हातातली लाल शाई होत नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, काही म्हणजे काही सुटत नाही माझ्या तावडीतून. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "अगं, उद्या पाणी येणार नाही एवढं कळलं ना? मग ऱ्हस्व-दीर्घ काय तपासत बसलीस?" हे गेले आणि असं बोलणारंही कुणी उरलं नाही. शेवटची दोनेक वर्षं ह्यांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं. ते भाड्याचं होतं, दुकानदार येऊन घेऊन गेला. त्या मशीनसाठी घेतलेला इन्व्हर्टर तेवढा दाराशेजारी राहिला. बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो आणि मी.

त्या रिकामपणातच एका जुन्या सहकारी बाईंनी मला एका कामात ओढलं. एक संस्था घरोघरी वीज किती आणि कशी पोचते ते मोजत होती, आणि तिला बोलकी माणसं हवी होती. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नाही, तेव्हा म्हटलं, चला.

पहिल्या दिवशी एका हॉलमध्ये आम्हाला बसवून प्रश्न वाचून दाखवले. वाचणारा आमचा सुपरवायझर, इंजिनीअर झालेला एक तरुण मुलगा, वाचताना स्वतःच अडखळत होता. "आपल्या निवासस्थानी विद्युतपुरवठा दिवसातून सरासरी किती वेळा खंडित होतो?"

मी हात वर केला. "हा प्रश्न विचारला तर लोक दार लावून घेतील."

हॉल हसला. तो मुलगाही हसला. म्हणाला, "मॅडम, मग सिंपल करून द्या ना. लोकांना रिलेट झालं पाहिजे."

मग सगळ्या हॉलनं मिळून तो प्रश्न सोपा केला. आपल्याकडे वीज आभाळात कडाडते. घरात असते ती लाईट. लाईट येते, लाईट जाते. बिलाची रांगसुद्धा लाईट भरायची असते. तेव्हा एकमतानं ठरलं, "लाईट दिवसातून किती वेळा जाते?" विदर्भातून आलेल्या दोन मुली होत्या, एक मांजरी गावाकडची होती, आम्ही पेठांतून उपनगरात गेलेल्या बायका होतो, पण त्या वाक्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. कुणाला समजणार नाही असं त्यात काही नव्हतंच.

सुरुवात आमच्याच भागातून झाली. पहिला प्रश्न होता, घरात वीज आहे का. बिबवेवाडीत तो विचारला की माणसं दुखावली जायची. एका आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "आपण बेल वाजवून आलात ना? ती वाजली ना?" जाण्याच्या प्रश्नावर एक काकू म्हणाल्या, "जात नव्हती. आता तुम्ही विचारलंत, म्हणजे जाणार." मला असली माणसं आवडतात. मी त्यांच्यातलीच.

मग मांजरीला पाठवलं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे मजले, आणि मध्ये भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. खोल्यांच्या समोरच मालकाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ग्रिल, गेट, जिने असल्या कशाचं तरी तिथं सतत वेल्डिंग चालू असायचं. शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. तिशीतली एक बाई भाजी निवडत होती. तिनं लगेच सतरंजी अंथरली. "बसा ना मॅडम," म्हणाली. तिच्या बोलण्यावरून विदर्भातली आहे हे कळलंच.

आत खाटेवर तिचा नवरा बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून, खांदे वर ओढून. ते बसणं मला कुणी सांगायला नको होतं. हे असेच बसायचे. आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून माणूस असा बसतो. खाटेशेजारी मशीन होतं, आमच्याकडे होतं तसंच, चाकांचं, आणि त्याची नळी त्या माणसाच्या नाकाला लावलेली होती.

इमारतींमध्ये फरशा कापायचं काम करत होता, ती म्हणाली. कापून कापून धूळ छातीत बसली. मशीन कुठल्याशा ट्रस्टनं वापरायला दिलं होतं. जमेल तितका वेळ चालू ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी मोबाईल काढला आणि प्रश्न सुरू केले. वीज आहे? हाव, आहे. मीटर कुणाचं? मालकाचं, समोरचंच. लाईट दिवसातून किती वेळा जाते?

"नाही जात जी."

"कधीच नाही?"

"पाणीपावसात गेली तं गेली एखादवेळ. नाही तं नाही जात."

मी शून्य भरलं. पुढचा प्रश्न वाचायला लागले आणि मग जाणवलं की मघापासून मला काहीतरी खटकतंय. खोलीत आवाज नव्हता. ते मशीन चालू असताना घरभर घुरघुरतं. हे गेल्यावर पहिले काही दिवस मला झोप लागायची नाही ती त्या आवाजाशिवाय. इथे नळी नाकाला होती आणि मशीन मुकं होतं. वर पाहिलं तर पंखाही थांबलेला.

माझा पारा चढला, खरं सांगते. म्हटलं, ही बाई सरळसरळ खोटं सांगतेय आणि मी शहाण्यासारखं भरून घेतेय. "अहो, लाईट तर आत्ताच गेलेली आहे! पंखा बंद, मशीन बंद. आणि तुम्ही मला सांगताय जात नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला एवढं साधं कसं कळत नाही, असा चेहरा. "गेली नाही जी मॅडम," ती म्हणाली. "बंद केली."

बाहेर वेल्डिंगचा चर्र आवाज झाला आणि खोलीच्या भिंतीवर निळा उजेड थरथरला. मग तिनं समजावून सांगितलं. दुकान आणि खोल्या एकाच मीटरवर. वेल्डिंग सुरू झालं की खोल्यांतले दिवे मिणमिणायचे, पंखे रडायचे. एकदा कुणाचा तरी टीव्ही जळला. तेव्हापासून मालक वेल्डिंगच्या आधी खोल्यांचं मुख्य बटण बंद करतात. काम संपलं की चालू करतात. काम कधी थोडं असतं, कधी दुपारभर चालतं.

"आणि तोवर हे?"

"बसून राहतात." ती भाजीची काडी मोडत म्हणाली. "मी वारा घालते. पण वाऱ्यानं काय होते जी?"

त्या माणसानं मान हलवली. बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता. ओठांवर निळसर छटा होती, आणि भिंतीवरचा तो उजेड आला की सगळा चेहराच तसा दिसायचा. मला ते बघवेना.

मी उठलेच. "थांबा, मी बोलते त्या मालकांशी. काय समजतात काय स्वतःला?"

तिनं माझा हात धरला, चांगला घट्ट. "नोका बोलू मॅडम. तुमचे पाय धरते. मालक वाईट नाही. पण तुम्ही बोलान अन् जासान. लाईट बंद केली तं येते परत. खोली गेली तं आम्हाले कोण देते? असं मशीनवालं माणूस पाहून दोघातिघांनी नाही म्हटलं आम्हाले."

मी बसले. मला कुणी गप्प बसवलेलं फारसं आठवत नाही, पण तिच्या पकडीपुढे काही चालेना. आम्ही तिघंही वेल्डिंग संपायची वाट बघत बसलो. ते संपलं, पंखा गरगरला, मशीननं बीप केलं आणि ते घुरघुरायला लागलं. तिनं त्याच्या नाकाची नळी नीट केली. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. तिचेही आले. मग ती म्हणाली, "चहा ठेवू का?"

संध्याकाळी मी सुपरवायझरला फोन केला. सगळं सांगितलं. तो मुलगा चांगला होता, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, इट्स रिअली सॅड. पण टेक्निकली हे आउटेज नाहीये. सप्लाय तर प्रिमायसेसवर येतोय ना? लँडलॉर्ड स्विच ऑफ करतो, तो त्यांचा इंटर्नल मॅटर झाला. तुम्ही रिमार्क्समध्ये टाका."

"रिमार्क्स कोण वाचतं?"

"सबमिट तर होतात मॅडम," तो म्हणाला. म्हणजे कुणी नाही.

"मग प्रश्न बदला. विचारा, लाईट कुणी बंद करतं का."

"आता राउंड चालू झालाय मॅडम. मध्येच क्वेश्चन बदलला तर आधीची सगळी घरं वाया जातील. नेक्स्ट टाइम नक्की."

नेक्स्ट टाइम! मी फोन ठेवला आणि आयुष्यभर फळ्यावर जे शिकवलं ते डोक्यात फिरायला लागलं. लाईट जाते. या वाक्यात कर्ता कोण? लाईट. ती बया आपल्या पायांनी जाते, आपल्या मनानं येते, कुणाचा त्यात हात नसतो. आपण घामाघूम होऊन गॅलरीत उभे राहतो आणि म्हणतो, गेली वाटतं. लाईट बंद केली, म्हटलं की मात्र बंद करणारा माणूस आला. त्या बाईनं व्याकरण अगदी चोख पाळलं होतं. मालकानं केलेली गोष्ट तिनं लाईटच्या अंगावर घातली नाही. आणि आमच्या हॉलभर शहाण्यांनी एकमतानं असा प्रश्न केला होता की ज्यात तो मालक मावतच नव्हता. त्यामुळे आमच्या मोजणीत ते घर पुण्यातल्या उत्तम वीज असलेल्या घरांपैकी एक ठरणार होतं.

रात्रभर चिडचिड करून काही होणार नव्हतं. सकाळी दाराशेजारच्या इन्व्हर्टरवरचा रुमाल काढला. त्याच्यावर मी चक्क फुलदाणी ठेवली होती. हे असताना लाईट गेली की मी आधी त्याचा दिवा बघायची आणि मग ह्यांचा चेहरा. आता त्याच्यावर काय चालत होतं? माझा टीव्ही. टीव्हीवर मला बघण्यासारखं काही नसतंच.

एक चांगला पिनटॉप प्लग आणि जाड वायर हवी होती म्हणून बुधवार पेठेत गेले. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "लोड काय आहे?"

"एक माणूस."

त्यानं मान वर केली. मी मशीनचं सांगितलं. मग त्यानं आधी काढलेली वायर परत ठेवली, दुसरी काढली, दोनदा ताणून बघितली आणि म्हणाला, "ही घ्या. आणि बोर्डावर दुसरं काही लावू देऊ नका. मोबाईलसुद्धा नाही. लोकांना सवय असते." पुण्यातल्या दुकानदाराकडून यापेक्षा जास्त माया कुणी अपेक्षू नये.

आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन टेम्पोनं मी मांजरीला गेले. आधी फोन करून तिला विचारलं होतं. ती नको नको म्हणत होती, मग रडली, मग म्हणाली, "घेऊन या." बॅटरी उतरवत असताना मालक दुकानातून हात पुसत बाहेर आले. पन्नाशीचा, काळासावळा, गावातलाच माणूस. मला नमस्कार केला आणि तिला विचारलं, "हे काय आणलं?"

मी श्वास घेतला. माझ्याकडे वाक्यं तयार होती, एकेक मोजून मारावं अशी. पण ती आधी बोलली.

"बॅटरी हाये जी. यांच्या मशीनले." आणि जरा थांबून, नजर खाली ठेवून, "लाईट जाते ना मधात मधात. म्हणून."

मालकांनी दुकानाच्या भिंतीवरच्या त्या मुख्य बटणाकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या खाटेकडे. "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी परत वेल्डिंगचा आवाज आला नाही.

मला तिचा रागच आला. एवढी संधी आली होती आणि हिनं त्यांनाच सांभाळून घेतलं. मी म्हटलं, "काय गं, मला तर मारे म्हणालीस जात नाही. आता त्यांच्यासमोर जाते? खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठी बोलली जी?" ती म्हणाली. "जाते म्हटलं. कोण घालवते ते नाही म्हटलं."

मी जिला वाक्य शिकवायला निघाले होते तिनं माझं तोंड बंद केलं. इलेक्ट्रिशियन खो खो हसला, आणि खाटेवरचा तो माणूससुद्धा हसला, नळीतून हवा निसटल्यासारखा.

नंतर कधीमधी तिचा फोन यायचा. बॅटरी जुनी होती, पण निभायची. काम फार लांबलं तर शेवटी शेवटी बीप बीप करायची, तेव्हा ती दारात उभी राहायची आणि मालक काम थांबवायचे, असं तिनं सांगितलं. ती काही म्हणायची नाही, नुसती उभी राहायची. एकदा तिचा नवराच फोनवर आला. "मॅडम," म्हणाला, आणि श्वास घेतला. "बॅटरी चांगली हाये." पुन्हा श्वास. "तुमच्या साहेबाची होती ना?" मी हो म्हटलं. मागे मशीनचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मी फोन कानाला लावून तो बराच वेळ ऐकला.

मग पावसाळा आला, माझं गुडघ्याचं दुखणं आलं, फोन थांबले. मला वाटलं, थांबले म्हणजे बरं चाललं असेल. माणसाला वाटायला काय जातं?

पाहणीची दुसरी फेरी थंडीत निघाली. तीच घरं, तेच प्रश्न. नेक्स्ट टाइम नक्की म्हणणारा मुलगा दुसऱ्या नोकरीत गेला होता आणि मोबाईलवर प्रश्न जसाच्या तसा होता. लाईट दिवसातून किती वेळा जाते?

शेवटच्या खोलीच्या दारातच मला कळलं. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. मशीन नव्हतं, ट्रस्टची माणसं घेऊन गेली असणार. कोपऱ्यात इन्व्हर्टर होता, पुसून, वर स्वच्छ कापड घातलेला. तिनं सतरंजी अंथरली.

"मला कळवायचं नाही का गं?"

"तुमचं पण तसंच झालेलं," ती म्हणाली. "काय सांगाव म्हटलं तुमाले." श्रावणात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं काही दिवस काढले. छातीत काही उरलंच नव्हतं, डॉक्टर म्हणाले. ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती की लाईटीनं काही झालं नाही. "तिथं तं लाईट जातच नव्हती मॅडम. सारखी होती." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरलं नाही, आणि कशाला आवरायचं?

तिनंच मग डोळे पुसून मोबाईलकडे बोट केलं. "विचारा जी. तुमचं काम आहे." ती आता जवळच्या एका सोसायटीत स्वयंपाकाला जात होती आणि तिला निघायचं होतं.

मी विचारलं. वीज आहे? हाव. मीटर कुणाचं? मालकाचं.

दारात सावली पडली. मालक येऊन उभे राहिले होते, चपला बाहेर काढून, पण उंबऱ्याच्या आत न येता.

"लाईट दिवसातून किती वेळा जाते?"

"नाही जात," ती म्हणाली.

"दुकानाला येगळं मीटर घेतलंय म्याडम," मालक म्हणाले. "तुम्ही बॅटरी आणली त्याच आठवड्यात अर्ज केला हुता. बोर्डाची माणसं आज येतो, उद्या येतो करत ऱ्हायली. मीटर बसलं तवा हे दवाखान्यात हुते." त्यांनी हातातला पोलादाचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "ती न्हाई म्हणती, पर जात हुती. माझ्या हातानं जात हुती. ते लिवा."

मी मोबाईलकडे बघितलं. तिथं आकड्याची एक चौकट होती आणि प्रश्न वर्तमानकाळात होता. मी काय लिहिणार? त्या दोघांच्या देखत मी शून्य भरलं. "लिहिलं," म्हणाले. मालकांनी मान हलवली, चपला घातल्या आणि दुकानात गेले.

मी प्रश्न संपवले. ती कुलूप शोधत होती. तेवढ्यात बाहेर चर्र झालं आणि निळा उजेड आत आला, भिंतीवर, उभ्या केलेल्या खाटेवर, तिच्या हातांवर. ती जिथल्या तिथं थबकली आणि तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. पंखा फिरत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो, आणि तो आपला फिरतच राहिला.

"बघा," ती म्हणाली. "जात नाही."